गिटारला बांधलेला माईक

मी पोरपणी गिटार वाजवायची असं सांगितलं की घरच्या सुना हसतात. त्यांच्या डोळ्यांपुढं येते ती उभ्यानं, गळ्यात पट्टा अडकवून वाजवायची गिटार. तशी नव्हती ती, बाई. आमची गिटार मांडीवर आडवी ठेवायची. डाव्या हातात लोखंडाची गुळगुळीत कांडी, अंगठ्याएवढी जाड. ती तारांवरून सरकवायची, आणि उजव्या हाताच्या अंगठ्यात नि दोन बोटांत पत्र्याच्या नख्या घालून तारा छेडायच्या. कांडी सरकली की सूर लांबत जायचा, तुटायचा नाही. स्टील गिटार म्हणायचे तिला. आणि ही गोष्ट वाजवण्याची कमी आणि भिण्याची जास्त आहे, हे आधीच सांगून ठेवते.

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली असतील तेव्हा. गोंदिया भंडारा जिल्ह्यात होतं. आम्ही राइस मिलच्या मागच्या गल्लीत राहायचो, आणि गल्ली संपली की रेल्वेची कॉलनी. त्या कॉलनीत एक गार्डसाहेब बंगालकडून बदलून आले होते. साहेब सदा गाडीवर, बायको घरी एकटी. लेकरूबाळ नाही. माझी शाळा चौथीनंतर सुटलेली, दुपारभर मायजवळ बसून विड्या वळायच्या एवढंच काम. त्या बाईच्या खिडकीतून मी गिटार ऐकली आणि तिथंच उभी राहिले. तिनं आत बोलावलं. मग मी विड्यांचं सूप घेऊन तिच्याकडेच बसायला लागले. ती वाजवायची, मी वळायची. एक दिवस तिनं सूप बाजूला सारलं आणि गिटार माझ्या मांडीवर ठेवली. मी तिला मौसी म्हणायची. तिला मराठी येत नव्हतं, मला बंगाली; दोघी मोडक्या हिंदीवर भागवून घ्यायचो. लिहिणंवाचणं मी पुढं आपलं आपण वाढवलं, पण गिटार मला मौसीनं दिली. दोन वर्षांत माझा हात असा बसला की मौसी स्वैपाक करता करता ऐकायची आणि काही बोलायची नाही. बोलली नाही म्हणजे बरोबर आहे, असं ते होतं.

आता बाबांचं सांगते, कारण भीती तिथूनच सुरू होते.

बाबा त्याच राइस मिलमध्ये बिजलीचे मिस्त्री. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं तळहाताकडे वळलेली, कायमची. निखारा ठेवला तरी त्या बोटांना कळायचं नाही. मी जन्मायच्या आधी मोटरच्या बोर्डावर करंट लागला होता, एवढंच आम्हाला माहीत. बाबांनी जवळ घेतलं की पाठीला त्या दोन गाठी लागायच्या. करंट म्हणजे काय, ते मी त्या गाठींवरून शिकले.

मिलमध्ये बाबांचा एक कायदा होता. कोणालाही, कुठंही, मुंगी चावल्याएवढा जरी करंट जाणवला तरी त्यानं मोठ्यानं म्हणायचं, "लागला." ते ऐकलं की जो जिथं असेल त्यानं हातातलं सोडून द्यायचं आणि हात वर करायचे. मग बाबा येऊन पाहणार. खोटं निघालं तरी कोणी हसायचं नाही. हमाल, तांदूळ पाखडणाऱ्या बाया, मुनीम, सगळ्यांना हाच कायदा. आणि नवी तार, नवं मशीन असलं की आधी बोटाच्या पाठीकडून शिवायचं. तळहातानं धरलं तर मूठ आवळते आणि सुटत नाही. पाठीकडून शिवलं तर हात आपोआप झटकला जातो. आमच्या घरी बिजली नव्हती, तरी माय चुलीवरचा भाताचा गंजसुद्धा बोटाच्या पाठीनंच शिवून पाहायची.

त्या वर्षी मोहल्ल्याच्या शारदेच्या मंडपात ठरलं की नवमीला संध्याकाळी आरती झाली की मिस्त्रीच्या पोरीची गिटार ठेवायची. पण गिटारचा आवाज तो केवढा! खोलीत भरून राहील एवढा. अंगणात गेला की विरला. मौसी म्हणाली, गिटारसाठी वेगळं मशीन असतं, त्याची तार सरळ गिटारच्या पोटात जाते, कलकत्त्याला मिळतं. गोंदियात ते कुठलं मिळणार. मंडपाचा लाउडस्पीकरवाला मात्र अडला नाही. तो म्हणाला, मेरा मशीन है ना. त्याच्याकडे कंदिलासारख्या दिव्यांचं एक जड मशीन, लिंबाच्या झाडाला बांधलेले दोन भोंगे आणि भाषणाचा एक माईक. तो माईक त्यानं सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं गिटारच्या अंगालाच, तारा अडकवायच्या लोखंडी पट्टीला चिकटून, बांधायचं ठरवलं.

बाबा नाही म्हणाले. तारा लोखंडाच्या, कांडी लोखंडाची, नख्या पत्र्याच्या, माईक लोखंडाचा, अन् त्यातून बिजलीची तार. पोरीच्या मांडीवर मी बोर्ड ठेवू का, असं त्यांनी मायला विचारलं. तीन दिवस घरात कोणी नीट जेवलं नाही. चौथ्या दिवशी लाउडस्पीकरवाल्याला आणि मौसीला घेऊन मंडळाची माणसं आली, तेव्हा बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि अट घातली.

"एक झटका. तुले एकच झटका लागला का गिटार वापस जाईल, अन् मौसीच्या घरी जानं बंद. मंग मले कायले म्हनून इचारू नोको."

मी हो म्हटलं. तेव्हा मी काहीही हो म्हटलं असतं.

मग बाबांनी त्या मशीनची तपासणी केली. त्याचा प्लग दोन खुट्यांचा. सुलटा लावला तर सगळं ठीक, पण उलटा लावला की मशीनचं अंग चावायचं, आणि मशीनचं अंग म्हणजे माईकचं अंग. लाउडस्पीकरवाल्याला हे ठाऊक होतं, तो हसून म्हणाला, थोडा थोडा काटता है, आदत हो जाती है. बाबा हसले नाहीत. मंडपातच होते म्हणून त्यांनी तिथल्या वाटीतला शेंदूर घेतला आणि प्लगच्या एका बाजूला बोट टेकवलं. शेंदूर वर, असा लावायचा. दुसऱ्या प्रकारे नाही.

रंगीत तालमीला माईक गिटारला बांधला आणि मी पहिली तार छेडली. बाई, माझी गिटार लिंबाच्या झाडातून वाजली! मी तर मांडीवर पाहते आणि आवाज वरून येतो, स्टेशनापर्यंत जातो. माईकचं तोंड भोंग्याकडे झालं की मशीन कोल्ह्यासारखं ओरडायचं, मग मला कोपऱ्यात, पाठ करून बसवलं. तेवढ्यात मौसी माझ्या कानाशी वाकून म्हणाली, ये सेक्रेटरी मोटा आदमी सामने बैठेगा तो हवा नहीं आएगी. ते वाक्य तिच्या तोंडून निघालं आणि दोन्ही भोंग्यांतून अख्ख्या मोहल्ल्यावर पडलं. मंडळाचे सेक्रेटरी मंडपातच खुर्च्या मोजत होते. लोक हसले, मौसी पदरात तोंड लपवून घरी गेली. मला मात्र तेव्हा कळलं की हा माईक भाषणाचा आहे. त्याला गिटार नि माणूस यातला फरक माहीत नाही. माझा श्वास, बांगड्या, गिळलेली थुंकी, सगळं बाहेर जाणार.

नवमीचा दिवस उजाडला. खांडेनवमी ती, आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. मिलमध्ये मोटरला हार, चाळण्यांना कुंकू, बाबांच्या पक्कडीला आणि पेचकसालाही कुंकू. मी अंघोळ करून मंडपात गेले तर लाउडस्पीकरवाला म्हणाला, "बिटिया, मेरे मशीन को भी टीका लगा दे, आज तेरा ही दिन है."

मी मन लावून पूजा केली. मशीनला पाच बोटं कुंकू, भोंग्याला, माईकला. झाडलोट चालू होती म्हणून प्लग काढून मशीनवर ठेवलेला होता. त्याच्या एका बाजूला तांबडा ठिपका दिसला, दुसरी बाजू कोरी. बाबांची खूण त्या पूजेच्या भरात मला आठवलीच नाही; वाटलं, कोणीतरी पूजा अर्धीच टाकून गेलं. देवाचं काम अर्धं ठेवू नये म्हणून मी दुसऱ्या बाजूलाही कुंकवाचं बोट टेकवलं आणि हात जोडले.

आता हसू येतं? मला नाही येत.

संध्याकाळी आरती झाली. चौकी मांडली, तीवर सतरंजी, सतरंजीवर लोखंडाची घडीची खुर्ची. दुपारी बायांनी सडा घातला होता, सतरंजी दमट लागत होती. मी बसले, माईक बांधला. बाबा मंडपाच्या खांबाला टेकून उभे, हाताची घडी, नजर माझ्या हातांवर. मौसी पुढच्या रांगेत. मी कांडी तारांवर टेकवली.

आणि ती चावली.

जोरात नाही. मनगटापर्यंत एक झिणझिणी आली आणि थांबली नाही, कांडी टेकलेली असेपर्यंत येतच राहिली. मला पहिल्यांदा वाटलं, हातच थरथरतो आहे भीतीनं. कांडी उचलली. गेलं. टेकवली. आलं. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं प्लग आला, दोन्ही बाजूंनी तांबडा. खूण मीच घालवली होती.

लोक वाट पाहत होते. मी वाजवायला सुरुवात केली. काय करणार होते? तोंड उघडलं असतं तर शब्द भोंग्यातून गेला असता, आणि कुजबूज केली असती तरी गेला असता. बाबा वीस पावलांवर. गिटार गेली असती, मौसीचं घर गेलं असतं. आणि न बोलावं तर ही झिणझिणी वाढली तर? मी पाय वर उचलून खुर्चीच्या दांडीवर घेतले. थोडं कमी झालं. मग घामानं तळवे ओले झाले आणि पुन्हा वाढलं. कोपरापर्यंत आलं. मला मिलमधला तो बोर्ड दिसत होता, जो मी कधी पाहिला नव्हता. मूठ आवळली तर? कांडी हातात रुतून बसली तर? मी प्रत्येक सुरानंतर कांडी जरा उचलायची, सुटते का पाहायची. सुटायची. मग पुढचा सूर. लोकांना वाटत होतं, पोरगी काय सफाईनं तोडून वाजवते. मौसी डोळे बारीक करून पाहत होती, तिनं मला असं तोडून वाजवायला शिकवलंच नव्हतं. लांबवायचा सूर मी लांबवत नव्हते. लांबवायला धरून ठेवावं लागतं.

अर्धी धून झाली असेल. मी मान वर केली आणि बाबांना पाहिलं. ते माझ्या डाव्या हाताकडे पाहत नव्हते. उजव्या हाताकडे पाहत होते. मीही पाहिलं. ज्या दोन बोटांत नख्या नव्हत्या ती माझी बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं, तळहाताकडे वळून गेली होती. मी वळवली नव्हती.

बाबा खांबापासून हलले. धावले नाहीत. चौकीच्या मागं गेले, आणि भोंगे एकदम मुके झाले. लोकांना वाटलं, लाइन गेली. मला काही सुचेना म्हणून मी वाजवत राहिले. गिटारचा तो लहानसा आवाज, खोलीपुरता, फक्त मौसीपर्यंत जात असेल. झिणझिणी नव्हती. मग मागं प्लग बसल्याचा आवाज झाला, आणि मशीनचे दिवे तापत गेले तसा झाडातून सूर हळूहळू परत आला. चावला नाही. मी धून पुरी केली. टाळ्या झाल्या. खांबाजवळ बाबा नव्हते.

घरी आले तर ते ओट्यावर बसलेले. माय दारात उभी. त्यांनी माझा उजवा हात ओढून घेतला आणि ती दोन बोटं एकेक करून सरळ केली.

"लागून रायला होता?"

"हो."

"कवापासून?"

"पयल्या सुरापासून."

"मंग सांगतली काऊन नाही?"

"गिटार गेली असती."

बाबा माझी बोटं चोळत राहिले. मी त्यांना कुंकवाचं सांगितलं, रडत रडत. त्यावर ते म्हणाले, नवमीच्या मंडपात शेंदराची खूण करणं ही त्यांचीच चूक, निळा रंग लावायला पाहिजे होता. त्याचा राग त्यांना नव्हताच. मग त्यांनी आपला हात माझ्यापुढं धरला, त्या दोन बोटांचा.

"माह्या संग एक मानूस होता मिलमधी. त्याले सकारीच लागला होता त्या बोर्डाचा. लोक हासतीन म्हनून बोलला नाही. दुपारी त्यानं तोच बोर्ड मुठीत धरला. मी ओढाले गेलो त्याले. मी अर्धा सुटलो. तो नाही सुटला."

हे त्यांनी मायलाही कधी सांगितलं नव्हतं, तिच्या तोंडावरून कळलं.

गिटार त्याच रात्री चादरीत गुंडाळून बाबांनी स्वतः मौसीकडे पोचवली. गिटार गेली ती झटक्यापायी की लपवल्यापायी, हे मी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती.

मग तीन-साडेतीन महिने मी घरीच विड्या वळल्या. एक वेगळीच भीती लागली तेव्हा. गार्डसाहेबांची बदली होणार असं कॉलनीत बोलत होते. गाडीची शिट्टी झाली की मला वाटायचं, मौसी यातच बसली. सूत गुंडाळता गुंडाळता माझ्या डाव्या हाताचा अंगठा सुपाच्या काठावरून सरकत राहायचा, कांडी धरल्यासारखा.

जानेवारीत एका दुपारी बाबा गिटार काखेत घेऊन घरी आले. सव्वीस जानेवारीला मिलच्या आवारात झेंडा लागणार होता, आणि मंडपात ऐकलेल्या हमालांनी शेठजींकडे गिटार मागितली होती. तोच लाउडस्पीकरवाला, तोच माईक. बाबा म्हणाले, वाजवशील तर तपासणी तू करायची, मी नाही. मग त्यांनी मला आठ दिवस मिलच्या बोर्डाजवळ नेलं. बल्बाला दोन तारा जोडून लाइन कशी पाहायची, पायाखाली कोरडी फळी कशी घ्यायची, बोटाची पाठ कशी टेकवायची. मी इतकी भ्यायची की पहिल्या दिवशी बंद मशीनला शिवतानासुद्धा डोळे मिटले. बाबा म्हणाले, भे. भेशील तं वाचशील. पण डोरे उघडे ठेव.

सव्वीसला सकाळी झेंडा वर गेला, शेठजींचं भाषण झालं, लाडू वाटायला लागले. हमाल, बाया, मुनीम, सगळे आवारात. मी फळीवर लाकडी खुर्ची घेऊन बसले. माईक गिटारला बांधला होता. तारांवर हात ठेवायच्या आधी मी एक पाय फळीवरून जमिनीवर टेकवला, नाहीतर करंट कळत नाही, आणि उजव्या हाताची मूठ करून बोटाची पाठ तारेला लावली.

हात झटकला गेला.

प्लगवर आता निळी खूण होती. लाउडस्पीकरवाल्यानं घाईत पाहिलं नाही, की बाबांनीच माझी परीक्षा घ्यायला फिरवून ठेवला, हे मला आजवर कळलेलं नाही. पुढं एकदा मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "तू सांगतली का नाही? मंग झालं."

पण त्या वेळी सांगणं सोपं नव्हतं. पुन्हा तेच. तोंडापुढं माईक, समोर अख्खी मिल, शेठजी, पाहुणे, आणि गिटार पुन्हा जाण्याची भीती. बाबा कोपऱ्यात उभे, हाताची घडी. त्यांनी मान हलवली नाही, डोळा हलवला नाही. मौसी बायांच्यात बसलेली. मी बाबांच्या दोन बोटांकडे पाहिलं.

"बाबा," मी म्हटलं, "लागला."

मी हळूच म्हटलं होतं. पण ते भोंग्यांतून निघालं आणि मिलच्या पत्र्यावर आपटून परत आलं. आणि त्या आवारातल्या शंभरएक माणसांनी, जो जिथं होता त्यानं, हातातलं सोडून दिलं आणि हात वर केले. लाडूचं ताट खाली पडलं. भोंग्याची दोरी धरलेल्यानं दोरी सोडली. एका बाईनं पाण्याचा गुंड सोडला तो गडगडत शेठजींच्या पायापाशी गेला. शेठजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांनीही हात वर केले.

कोणी हसलं नाही. कायदाच तसा होता.

बाबा चालत मशीनपाशी गेले, प्लग काढला, फिरवला, लावला. मग माझ्याकडे पाहून थांबले. मी पुन्हा बोटाची पाठ टेकवली. काही नाही. दुसऱ्यांदा टेकवली. काही नाही. तेव्हा कांडी घेतली.

भीती होतीच. पण त्या दिवशी मी सूर धरून ठेवला, मौसीनं शिकवला तेवढा लांब, आणि तो विरेपर्यंतही काहींचे हात वरच होते.